सांगली ते मिरज : सर्वांना चालता येईल असा मार्ग

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन गावे जोडणारा रस्ता तयार झाला की विकासाचे एक मोठे काम पार पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि ते योग्यही आहे. रस्त्याची लांबी, रुंदी, त्यावरील वाहनांची संख्या या सर्वांची नोंद होते. परंतु त्याच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाची नोंद क्वचितच होते. त्यातही काठी टेकीत जाणारा वृद्ध, पांढऱ्या काठीने वाट शोधणारा अंध विद्यार्थी, व्हीलचेअरवरील रुग्ण, कडेवर मूल घेतलेली माता, ही माणसे अशा रस्त्यावर फारशी दिसतही नाहीत. ती दिसत नाहीत म्हणून त्यांची गरज नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः वाटच नसल्यामुळे ती घराबाहेर पडू शकत नाहीत. या उलट्या हिशेबाचा विचार करणे हा आजच्या विषयाचा हेतू होय.

जुळी नगरे

उदाहरण म्हणून सांगली आणि मिरज ही दोन शहरे घेता येतील. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात वाटणी होऊन १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीस स्वतंत्र राजधानी केली, तेव्हापासून ही दोन्ही नगरे आपापल्या वळणाने वाढली. सांगली हळदीच्या व्यापारासाठी व कृष्णाकाठच्या गणपती मंदिरासाठी प्रसिद्ध झाली. मिरज रेल्वेचे जंक्शन, तंतुवाद्ये आणि वैद्यकीय उपचार यांसाठी नावारूपास आली. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक होती. वाटणीने दुरावलेली दोन शहरे जवळजवळ दोनशे वर्षांनी एका नागरी प्रशासनाखाली आली, ही घटना लक्षणीय आहे. तथापि नकाशावर एक झालेली शहरे पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने एक होणे हे काम निराळेच आहे.

या दोन शहरांमधील पट्टा मोकळ्या माळाचा राहिलेला नाही. वाटेत विश्रामबाग आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात आहेत. पुढे डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या नावाने ओळखली जाणारी वॉन्लेसवाडी लागते. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभे केले आणि तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांतील रुग्णांची पावले मिरजेकडे वळली. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेत सुरू झाले. म्हणजेच या मार्गावर दोन प्रकारची माणसे मोठ्या संख्येने ये-जा करतात : शिकावयास निघालेले तरुण आणि उपचारासाठी निघालेले आजारी. ज्या वाटेवर रुग्णालये आहेत, ती वाट अशक्त माणसाला चालता येण्याजोगी असावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

आठ-दहा किलोमीटर कोण चालणार?

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित केली जाते. दोन शहरांमधील अंतर आठ-दहा किलोमीटरांच्या घरात असेल, तर एवढे अंतर पायी कोण जाणार? शहर बस आहे, रिक्षा आहेत. मग पायवाटेवर खर्च कशासाठी?

शंका रास्त आहे, परंतु ती मार्गाचे स्वरूप न समजल्यामुळे निर्माण होते. दोन शहरांमधील पायी मार्ग म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा एकच लांब प्रवास नव्हे. तो अर्धा-पाऊण किलोमीटरच्या अनेक लहान प्रवासांची माळ असतो. घरापासून बसथांब्यापर्यंत, थांब्यापासून महाविद्यालयापर्यंत, स्थानकापासून रुग्णालयापर्यंत, रुग्णालयापासून औषधांच्या दुकानापर्यंत. बसने जाणारा प्रत्येक प्रवासी बसच्या आधी आणि नंतर पादचारीच असतो. बसथांब्यापर्यंत पोहोचताच येत नसेल तर बस कितीही चांगली असली तरी त्या माणसासाठी ती नसल्यासारखीच. शेजारच्या खेड्यातून एस.टी.ने येऊन मिरजेत उतरणाऱ्या वृद्ध शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रवास खेड्यापासून मिरजेपर्यंतचा नसतो. उतरल्यानंतरची शेवटची तीन-चारशे पावले त्याला अधिक जड जातात.

पायी चालण्यातील धोक्याचे प्रमाणही दुर्लक्षिण्याजोगे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. याचा अर्थ असा की, देशात दररोज सरासरी नव्वद माणसे केवळ रस्त्याने चालत असताना प्राणास मुकली.

कायद्याची भूमिका

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदविली गेली. महाराष्ट्रात ती सुमारे २९ लाख ६३ हजार होती. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले गेले होते. त्याची जागा घेणाऱ्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते एकवीस झाले. या अधिनियमाने इमारती व वाहतुकीबरोबरच सुगम रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा पदपथ ही आता निधी उरल्यास करावयाची शोभेची बाब राहिलेली नाही.

स्थानिक संस्थांचा संबंधही थेट आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत रस्ते, पूल यांच्या जोडीला दिव्यांगांचे कल्याण हा विषय आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत रस्ते व पूल, पथदिवे, बसथांबे आणि दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण यांचा समावेश आहे. एकाच यादीत बसलेले हे विषय प्रत्यक्ष कामात मात्र वेगवेगळ्या टेबलांवर विभागले जातात. बांधकामाचा विभाग रस्ता करतो आणि समाजकल्याणाचा विभाग तीनचाकी सायकल वाटतो. ती सायकल कोणत्या वाटेने चालवावयाची, हा प्रश्न दोहोंच्या मधल्या जागेत पडून राहतो.

साखळीची कमकुवत कडी

शेजारच्या दोन नगरांना पायी जोडण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि गेट्सहेड यांचे आहे. टाइन नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या या नगरांना जोडणारा, केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी बांधलेला मिलेनियम पूल २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. जहाज आले की हा संपूर्ण पूल एका बाजूस कलतो आणि खालून वाट देतो. चालणाऱ्यांची व सायकलींची जागा त्यावर स्वतंत्र ठेवलेली आहे. अभियांत्रिकीचा हा सुंदर नमुना पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

परंतु त्यातील दुसरा धडा अधिक उपयोगाचा आहे. नदीचे दोन्ही काठ सखल आहेत आणि दोन्ही नगरांचे मध्यभाग मात्र उंचावर आहेत. काठाकाठाने जाणाऱ्याला पूल सुगम ठरतो, पण काठावरून नगराच्या मध्यापर्यंतचा चढ कायमच राहतो. कितीही उत्तम पूल बांधला तरी पुढच्या चढाचा, जिन्याचा आणि बसच्या सोयीचा विचार त्याच्या जोडीला करावाच लागतो. सुगम मार्गाची किंमत त्याच्या उत्तम भागावरून ठरत नाही. ती सर्वांत वाईट भागावरून ठरते. नऊशे नव्याण्णव मीटर उत्कृष्ट पदपथ आणि अखेरच्या एका मीटरवर एक फूट उंचीची पायरी असेल, तर व्हीलचेअरवरील माणसासाठी तो पदपथ शून्य मीटरचा होय. यास्तव कामाच्या अहवालात किती मीटर पदपथ बांधला याबरोबरच किती मीटर अखंड झाला, हेही नोंदविले गेले पाहिजे.

मापांचे महत्त्व

इंडियन रोड्स काँग्रेसने पादचारी सुविधांसाठी १९८८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१२ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार चालण्यासाठी मोकळी राहिलेली रुंदी किमान १.८ मीटर आणि मोकळी उंची किमान २.२ मीटर असावी. येथे मोकळी हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन मीटर रुंदीच्या पदपथावर मध्येच विजेची पेटी बसविली की कागदावरील रुंदी तशीच राहते, प्रत्यक्षातील निम्मी होते. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्यास एकमेकींना ओलांडून जाता यावे, हा १.८ मीटरमागील हिशेब आहे. उंचीचे मापही तितकेच आवश्यक आहे. पांढरी काठी जमिनीवरील अडथळा ओळखते, परंतु कपाळाच्या उंचीवर आलेली दुकानाची पाटी किंवा झाडाची फांदी तिला सापडत नाही.

पदपथाची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. अनेक ठिकाणी पावसाच्या पाण्याच्या भीतीने ती बरीच वाढविली जाते. त्यामुळे म्हातारी माणसे पदपथ सोडून डांबरी रस्त्यावरून चालू लागतात आणि पदपथाचा हेतूच नष्ट होतो. उताराचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे १५ सेंटिमीटर चढण्यासाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. पुष्कळदा अर्ध्या मीटरमध्ये सिमेंटचा एक ढीग थापून उताराची नोंद पूर्ण केली जाते. त्यावरून व्हीलचेअर चढविण्यास दोन माणसे लागतात, आणि उतरताना ती उलटण्याचा संभव असतो. जागा असेल तेथे एकास वीस हे प्रमाण अधिक सुखाचे.

प्रत्येक घराच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरवून पुन्हा वर चढविण्याची पद्धतही त्याज्य मानली पाहिजे. त्यामुळे चालणाऱ्याला दर दहा पावलांना चढउतार करावा लागतो. पदपथ सलग समपातळीत ठेवावा आणि आत जाणाऱ्या वाहनाने लहानसा चढ चढावा, हा न्याय्य मार्ग होय. जे वाहन इंजिनाच्या बळावर चढते त्याला तो चढ जड नाही.

मिरजेच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. या शहरात कुष्ठरोगावरील उपचारांची जुनी परंपरा आहे. कुष्ठरोगाने आणि मधुमेहानेही पायाची संवेदना कमी होते. अशा माणसाला खडा टोचलेला कळत नाही आणि साधी जखम चिघळत जाते. उखडलेली फरशी ही इतरांना गैरसोय वाटत असली तरी त्याच्यासाठी ती पाय गमावण्याचे कारण ठरू शकते. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ मधील महापुरांचा अनुभव पाहता पाण्याचा निचरा हाही या मार्गाचा मूलभूत भाग मानावा लागेल. गटारावरील जाळीच्या फटी अरुंद असाव्यात आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवाव्यात, अन्यथा चाक किंवा काठीचे टोक त्यांत अडकते.

रस्ता ओलांडताना

सर्वांत मोठा धोका कडेने चालण्यात नसतो, तो ओलांडण्यात असतो. सिग्नलची वेळ ठरविताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे गृहीत धरण्याची प्रथा आहे. चौदा मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने बारा सेकंदांत ओलांडला जातो. परंतु वृद्धाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तर त्याच रस्त्याला साडेसतरा सेकंद लागतात. मधले साडेपाच सेकंद तो वाहनांच्या पुढ्यात असतो. या साडेपाच सेकंदांसाठी कोणतेही बांधकाम लागत नाही, कोणतीही निविदा लागत नाही. सिग्नलच्या पेटीतील वेळ बदलली की काम होते.

रुंद रस्त्यावर मध्यभागी थांबण्याची सुरक्षित जागा असावी आणि दुभाजकातील फट व्हीलचेअर जाईल इतकी रुंद असावी. शाळा व रुग्णालये यांच्यासमोर रस्ता पदपथाच्या पातळीस उचलून घेतल्यास चालणाऱ्याला उतरावे लागत नाही आणि वाहनाचा वेग आपोआप कमी होतो.

पावलांना कळणारी लिपी

पदपथावर बसविलेल्या पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या आता सर्वत्र दिसतात, परंतु त्यांचा अर्थ अनेक बांधकाम करणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये या फरशीचा शोध लावला आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळील रस्त्यावर ती प्रथम बसविण्यात आली. लांब रेषांची फरशी म्हणजे पुढे चला. ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे. पिवळा रंग हा अंधुक दृष्टी असलेल्यांसाठी असतो. हा रंग शोभेसाठी बदलून पदपथाच्या रंगाशी जुळविल्यास त्यांच्यासाठी ती खूण नाहीशी होते.

या फरश्यांची ओळ खांबावर किंवा झाडाच्या आळ्यावर जाऊन थांबत असेल, तर ती नसलेली बरी. लिहिलेले वाचून माणूस विश्वासाने चालतो, आणि चुकीचे लिहिलेले असेल तर त्याच विश्वासाने तो आपटतो. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी एखाद्या अंध व्यक्तीने त्या वाटेने चालून पाहावे आणि तिच्या संमतीनंतरच देयक मंजूर व्हावे, अशी पद्धत घालणे हितावह ठरेल.

अतिक्रमण आणि उपजीविका

पदपथावरील फेरीवाल्यांचा प्रश्न नाजूक आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस २०१४ च्या अधिनियमाने संरक्षण दिले आहे. चालणाऱ्यालाही त्याच कारणाने वाट हवी असते, कारण तोही पोटापाण्यासाठीच निघालेला असतो. दोहोंना एकमेकांचे शत्रू ठरविण्याऐवजी चालण्याचा पट्टा आणि विक्रीचा पट्टा आखून वेगळे करणे हा उपाय आहे. बसथांब्यावरील भाजीवाली बाई रात्री तेथे वर्दळ ठेवते आणि एकट्या स्त्रीला ती वाट सुरक्षित वाटते, हेही विसरता कामा नये. खरा अडथळा पुष्कळदा उभ्या केलेल्या मोटारी आणि पदपथावर चढणाऱ्या मोटारसायकली यांचा असतो. त्यांना रोखण्यासाठी बसविलेले लोखंडी खांब इतके जवळ असतात की व्हीलचेअरही अडते. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते तिच्यातून मोटारसायकलही जाऊ शकते, हे सत्य आहे. त्यामुळे येथे खांबापेक्षा शिस्त आणि दंड यांचाच आधार घ्यावा लागेल.

मिनिटांचा नकाशा

स्पेनमधील पोंतेवेद्रा या शहराने १९९९ पासून मध्यवस्तीतील मोटारींची वर्दळ मोठ्या प्रमाणावर कमी केली आणि २०११ मध्ये एक साधा नकाशा प्रसिद्ध केला. रेल्वेच्या नकाशासारख्या दिसणाऱ्या त्या नकाशात शहरातील ठिकाणे रेषांनी जोडलेली असून, एका ठिकाणाहून दुसरीकडे पायी जाण्यास किती मिनिटे लागतात हे दाखविलेले आहे. या नकाशास फारसा खर्च आला नसावा हे उघड आहे. परंतु त्याने लोकांच्या मनातील अंतर कमी केले.

सांगली-मिरज मार्गासाठी असा नकाशा शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी तयार करू शकतील. त्यात मिनिटांबरोबरच बसण्याची जागा, पाण्याची सोय, स्वच्छतागृह, चढ आणि पायऱ्या यांच्याही खुणा असाव्यात. निरोगी माणसाला अंतर कळले की पुरते. आजारी माणसाला वाटेत टेकावयास कोठे मिळेल हे आधी कळावे लागते, त्यावरच तो निघावे की नाही हे ठरवितो. हा अभ्यास भूगोलाचा असेल, गणिताचा असेल आणि नागरिकशास्त्राचाही असेल.

कामाचा आरंभ

असा मार्ग एका अर्थसंकल्पात पूर्ण होणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आरंभ पाहणीपासून व्हावा. पंचायत सदस्य किंवा नगरसेवक, अभियंता, शिक्षक, एक अंध व्यक्ती, एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि एक वृद्ध अशा सहा जणांनी प्रथम एका किलोमीटरची वाट एकत्र चालावी. प्रत्येक अडथळा तीन याद्यांत नोंदवावा : आठवड्यात दूर होणारे, वर्षात दूर होणारे आणि मोठ्या निधीची गरज असणारे. पहिल्या यादीत पडलेले दगड, वाढलेल्या फांद्या, सिग्नलची वेळ, चुकीच्या जागी ठेवलेले फलक इतके काही निघते की त्यानेच निम्मी वाट मोकळी व्हावी.

निधीचा मार्गही अगदीच बंद नाही. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाची आहे. या रकमेतून वैयक्तिक साहाय्य होणे आवश्यकच आहे. परंतु मोठा पदपथ त्या रकमेवर टाकू नये. पदपथ सर्वांचा असतो, म्हणून त्याचा खर्च रस्त्याच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. नवा रस्ता करताना ही तरतूद स्वस्त पडते, बांधलेला रस्ता फोडून करताना महाग पडते. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील कोणत्याही रस्त्याचा आराखडा समोर आला की मोकळी रुंदी किती, उताराचे प्रमाण काय, ओलांडण्याची सोय कोठे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ठराव मंजूर करू नये.

बांधलेल्या पदपथाची देखभाल हा या सर्वांतील सर्वांत उपेक्षित भाग आहे. नळजोडणीसाठी किंवा तारांसाठी पदपथ खोदला जातो आणि माती लोटून काम संपविले जाते. खोदणाऱ्या यंत्रणेकडून तो पूर्ववत करून घेण्याची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर असावी आणि त्या अधिकाऱ्याचे पदनाम वाटेवरील फलकावर लिहिलेले असावे. गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे हे नागरिकास ठाऊक असले म्हणजे अर्धी दुरुस्ती वेळेवर होते.

एखादे नगर किती पुढारलेले आहे हे त्याच्या उड्डाणपुलांवरून मोजण्याची सवय लागली आहे. त्याहून साधी कसोटी उपलब्ध आहे. मिरजेच्या रुग्णालयातून बाहेर पडलेली एखादी वृद्ध स्त्री कोणाचाही हात न धरता, कोणाचीही विनवणी न करता बसथांब्यापर्यंत जाऊ शकते काय? विश्रामबागेतील अंध विद्यार्थी मित्राची वाट न पाहता आपल्या वर्गात पोहोचू शकतो काय? ज्या दिवशी या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील, त्या दिवशी १८०१ मध्ये वेगळी झालेली ही दोन नगरे खऱ्या अर्थाने पुन्हा जोडली जातील. महाराष्ट्रात अशी शेजारची नगरे आणि शेजारची गावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी पहिल्या एका किलोमीटरचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू होऊ शकते.